पेड फॅमिली लीव्हचे पैसे आणि कॅलिफोर्नियाचा स्टेट टॅक्स : माझा अनुभव

२०२४ मध्ये आम्हाला मुलगी झाली. बाळंतपणाच्या रजेचे पैसे मिळायला काहीच त्रास झाला नाही. डोकं फिरलं ते पुढच्या वर्षी टॅक्स भरताना.

हे पैसे म्हणजे सरकारी मदत असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही, हा विमा आहे आणि हप्ता आपण भरतो. डब्ल्यू-२ च्या (कंपनीकडून वर्षाअखेर मिळणारा पगाराचा फॉर्म) १४ नंबरच्या चौकटीत 'सीएएसडीआय' (कॅलिफोर्निया स्टेट डिसॅबिलिटी इन्शुरन्स) दिसतं ना, तोच. २०२४ पासून त्याची पगाराची कमाल मर्यादा उठली, त्यामुळे माझ्या अख्ख्या पगारावर १.१ टक्के गेले. बाळंतपणाच्या आधी-नंतरचे पैसे डिसॅबिलिटी इन्शुरन्सचे. त्यावर सहसा ना फेडरल टॅक्स, ना स्टेटचा. पुढे बाळासाठी जास्तीत जास्त ८ आठवडे मिळतात ते पेड फॅमिली लीव्हचे. त्यावर फेडरल टॅक्स आहे, म्हणून ईडीडीकडून (हा विमा चालवणारं राज्याचं खातं) १०९९-जी, म्हणजे दिलेल्या रकमेचा फॉर्म, येतो. कॅलिफोर्नियाचा टॅक्स मात्र नाही.

आमचं रिटर्न ज्या ऑफिसकडे दिलं होतं, त्यांनी ही रक्कम स्टेटच्या रिटर्नमध्येही तशीच राहू दिली. मी विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, १०९९ आला म्हणजे ते उत्पन्नच. फेडरलला दाखवलं की स्टेटला येणारच." येणारच कसं? कॅलिफोर्नियाचं रिटर्न फेडरलच्या आकड्यावरून सुरू होतं आणि जे राज्य धरत नाही ते शेड्यूल सीए (५४०) मध्ये, म्हणजे राज्याच्या ५४० नंबरच्या रिटर्नसोबतच्या फॉर्ममध्ये, वजा करायचं असतं. पहिल्या भागात, सेक्शन बी, ओळ ७, रकाना बी. फ्रँचाइज टॅक्स बोर्डाच्या (कॅलिफोर्नियाचं टॅक्स खातं) सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. ते पान मी ईमेलने पाठवलं. उत्तर नाही. फोन केला की "सीनियर बघतील." सीनियर बघेनात, आणि १५ एप्रिल जवळ येत होती. त्यांची फी मात्र आधीच घेऊन झाली होती!

शेवटी मांडीवर लेक घेऊन मी त्यांच्या समोर बसले आणि म्हटलं, ही रक्कम कुठे टाकलीत ते स्क्रीनवर दाखवा. तर ती 'इतर उत्पन्ना'त! म्हणून सॉफ्टवेअर वजा करत नव्हतं. १०९९-जी च्या पानावर टाकल्यावर स्टेटचा रिफंड तिथल्या तिथे वाढला. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

म्हणून सांगते, सही करण्याआधी शेड्यूल सीए मागून घ्याच. ओळ ७ चा रकाना बी रिकामा असेल तर सही करू नका.

१०९९-जी वरचा आकडा बँकेत आलेल्या एकूण पैशांपेक्षा कमी दिसला तर घाबरू नका, डिसॅबिलिटीचा भाग सहसा त्यात नसतो. फेडरल टॅक्स मात्र यातून आधी कापलेला नसतो, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

न्यू जर्सीवाल्यांनो, तुमच्या फॅमिली लीव्ह इन्शुरन्सलाही स्टेट टॅक्स नाही, फक्त फेडरल आहे.

आणि ज्यांनी आधीच भरून टाकलाय त्यांनी जुनी रिटर्न काढून बघा. कॅलिफोर्नियात शेड्यूल एक्स (काय आणि का बदललं ते सांगणारा फॉर्म) जोडून सुधारित ५४० भरता येतं आणि रिफंड मागायला साधारण ४ वर्षं मिळतात.