ब्रिस्टल, १९२७ : मेणावर कोरलेलं कंट्री संगीत

कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण भागातल्या संगीताचं ध्वनिमुद्रण अमेरिकेतल्या ब्रिस्टलपासून सुरू झालं, असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. ए. सी. रॉबर्टसनने १९२२ मध्येच न्यूयॉर्कला व्हिक्टर कंपनीसाठी फिडल वाजवलं होतं. जून १९२३ मध्ये ओके या तबकडी कंपनीसाठी कलाकारांची मुद्रणं करणाऱ्या राल्फ पीरने अटलांटात फिडलवादक फिडलिन जॉन कार्सनच्या तबकड्या केल्या. पण ती मुद्रणं मायक्रोफोनशिवाय, नुसत्या कर्ण्यातून झालेली. गळ्याच्या नुसत्या जोरावर सुई हलायची, त्यामुळे खर्जातलं आणि फार वरचं बरंचसं गळून जायचं. हळू गाणाऱ्याला आणि गिटारला तिथे फारसा थारा नव्हता.

१९२५ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकची मायक्रोफोनवर चालणारी पद्धत आली आणि सुमारे ५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येऊ लागला. तीच यंत्रणा घेऊन पीर, आता व्हिक्टरसाठी, दोन तंत्रज्ञांसह टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरच्या ब्रिस्टलला आला. स्टेट स्ट्रीटवरच्या टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या काळात १९ कलाकार-संचांची ७६ मुद्रणं झाली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या.

कोरणाऱ्या यंत्राची तबकडी खाली उतरणाऱ्या वजनावर फिरायची. गती एकसारखी राहणं सर्वांत महत्त्वाचं, कारण ती डगमगली की सूर डगमगतो. कोरायचं ते जाड मेणाच्या, आरशासारख्या गुळगुळीत केलेल्या चकतीवर. मेण आधी बेताचं गरम करावं लागे. थंड राहिलं तर खाच खरखरीत निघते, जास्त मऊ झालं तर खाचेच्या कडा टिकत नाहीत. गायक अचानक मोठ्याने गायला की सुई शेजारच्या खाचेत शिरते आणि ते मेण वाया जातं. म्हणून गायकाला मायक्रोफोनपासून नेमकं किती दूर उभं करायचं, हे आधीच ठरवावं लागे. मेण वाजवून पाहिलं की खराब होतं. त्यामुळे एकाच गाण्याची दोन-तीन मुद्रणं करून चकत्या न्यू जर्सीतल्या कॅमडेनला पाठवायच्या. तिथे मेणावर विजेने धातूचा थर चढवून उलटा ठसा, त्यावरून सुलटा, आणि त्यावरून छापायचे ठसे निघत. छपाई लाखेच्या मिश्रणावर. ती लाख मुख्यतः भारतातूनच जायची, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. कडवी त्या हिशेबाने कापली जात.

मायक्रोफोनचा खरा फायदा ऐकायचा असेल तर १ आणि २ ऑगस्टला झालेली कार्टर कुटुंब या गायक-संचाची सहा मुद्रणं ऐका. त्यातली मेबेल गिटारवर अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल वाजवते आणि बोटांनी वरच्या तारांवर ताल धरते. कर्ण्यापुढे हे वादन पुसट झालं असतं. गायक जिमी रॉजर्स ४ ऑगस्टला एकटाच गायला, कारण त्याचे साथीदार आदल्या रात्री वेगळे झाले होते.

दुसरी गोष्ट कराराची. कलाकाराला दर बाजूला ५० डॉलर, शिवाय विक्रीवर थोडी रॉयल्टी. मात्र गाण्याचे हक्क पीरकडे राहत आणि त्याची मुख्य कमाई तिथूनच होई. म्हणून त्याला आधी कुणी नोंदवलेलं गाणं नको असे. नवं तरी हवं, नाहीतर जुनं पण हक्क घेता येईल इतकं बदललेलं. कार्टर कुटुंबातल्या ए. पी. कार्टरने डोंगराळ भागात फिरून गाणी गोळा केली, त्यामागे हेही कारण होतं. पुष्कळ पारंपरिक गाण्यांवर एका माणसाचं नाव चढलं ते असं, आणि ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांना काही मिळालं नाही. हा अन्याय नोंदवायलाच हवा.

मूळ तबकडी हाती आली तर एलपीची (नंतरच्या बारीक खाचांच्या तबकडीची) सुई लावू नका. ती सुमारे २५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि खाचेच्या तळाशी घासते. ७० ते ७५ मायक्रॉनची सुई लागते. फोनो प्रीअँपचा (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा) आरआयएए वक्र, म्हणजे एलपीसाठीची सूर-दुरुस्ती, बंद करा, नाहीतर वरचे सूर दबतात. कोरताना कमी केलेल्या खर्जाची भरपाई साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली सुरू करा. आणि गती मिनिटाला ७८ फेऱ्यांवरच अडकवून ठेवू नका. एक-दोन फेरे कमी-जास्त करून आवाज नैसर्गिक कुठे लागतो ते पाहा. गिटारच्या पट्टीवर मात्र विसंबू नका, कारण तारा प्रमाण सुरालाच लावलेल्या असतील असं नाही.