तीन शब्दांचा पत्ता

माझ्या फोनच्या हवामानाच्या पानावर दोन शहरं अशी आहेत, जिथं माझं कुणीही राहत नाही. बांगलादेशाची राजधानी ढाका आणि मंगोलियाची राजधानी उलानबाटार. ढाका एका चक्रीवादळाच्या बातमीपायी जोडलं गेलं, आणि उलानबाटार ‘जगातली सगळ्यात थंड राजधानी कोणती’ या वादापायी. वादळ ओसरलं, वाद मी जिंकला, शहरं काढायची तेवढी राहून गेली. तेव्हापासून ती एकाखाली एक अशी नांदताहेत. जानेवारीतल्या एका सकाळी वरच्या घरात १६ अंश होते आणि खालच्या घरात उणे २८. चव्वेचाळीस अंशांचा जिना! खरं तर दोघांमध्ये अंतर आहे सरळ रेषेत सुमारे ३,००० किलोमीटर. विमानाच्या हिशेबाने फार नाही.

पण मध्ये तिबेटचं पठार आहे, आणि त्याच्या दक्षिण काठाला हिमालय. बंगालच्या उपसागरावरून निघालेले ढग या भिंतीपर्यंत जातात आणि जवळचं सगळं अलीकडेच ओतून टाकतात. पलीकडे मंगोलिया कोरडा राहतो. सगळा दोष भिंतीचा नाही म्हणा, कुठल्याही समुद्रापासून तो देश इतका आत आहे की ओलावा पोचेपर्यंत वारा रिकामा झालेला असतो. गंमत अशी, की दोन्हीकडे पावसाचे महिने तेच, जून ते ऑगस्ट. फक्त बांगलादेशातल्या सिल्हेटला एका जूनमध्ये जितका पाऊस पडतो, तितका पडायला उलानबाटारला जवळपास तीन वर्षं लागतात.

आकड्यांचं आणखी एक जोडपं सांगतो आणि मग आकडे थोडे बाजूला ठेवतो. मंगोलिया साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचा आणि त्यात माणसं जेमतेम ३५ लाख. बांगलादेश दीड लाख चौरस किलोमीटरांच्याही आत आणि माणसं १७ कोटींच्या आसपास. म्हणजे दहापट जागेत पन्नासावा हिस्सा लोक. मंगोलियात गर्दी असते ती जनावरांची. घोडे, गाई आणि याक, उंट, मेंढ्या, शेळ्या मिळून सहा कोटींच्या घरात.

बांगलादेशातल्या सपाट मुलखाबद्दल मला सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट वाटते ती म्हणजे तिथं दगड नाही. ईशान्येच्या आणि आग्नेयेच्या डोंगराळ कडा सोडल्या, तर देश म्हणजे नद्यांनी आणून टाकलेला गाळ. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना मिळून दर वर्षी सुमारे शंभर कोटी टन गाळ खाली आणतात. काँक्रीटला खडी लागते, ती कुठून आणायची? तर माती भाजून विटा करायच्या आणि त्या विटा फोडून खडी करायची. तिला तिथं ‘खोआ’ म्हणतात. आधी दगड बनवायचा, मग तो फोडायचा! गोबीत उभं राहून हे कुणाला सांगितलं तर तो हसेल. गोबी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात, पण तिथं वाळू थोडीच, बहुतेक भाग खडकाळ आणि गोट्यांचा.

नद्यांचंही असंच. बांगलादेशातली नदी जन्मते दुसरीकडेच, इथं येते ती समुद्राला भेटायला. मंगोलियातल्या नद्यांपुढे मात्र समुद्र हा बरेचदा प्रश्नच नसतो. सेलेंगे बैकाल सरोवरात जाते आणि तिथून पाणी आर्क्टिककडे वळतं, हे झालं उत्तरेचं. पण पश्चिमेकडच्या कित्येक नद्या एखाद्या खाऱ्या तळ्यात उतरतात आणि तिथंच संपतात. उव्स नूर हे असंच एक भलं मोठं तळं. येणारं पाणी फक्त वाफ होऊन जातं.

ऋतूंच्या बाबतीत बंगाली माणूस श्रीमंत. त्याला दोन-दोन महिन्यांचे सहा ऋतू आहेत, आणि शरद व हेमंत यांतला फरक तो खरंच पाळतो. मंगोलियात एकट्या हिवाळ्याचेच नऊ भाग करतात. दक्षिणायन संपलं की नऊ-नऊ दिवसांचे नऊ तुकडे, एकूण ८१ दिवस. पहिल्या नवात दुधाची दारू गोठते. तिसऱ्यात तीन वर्षांच्या बैलाचं शिंग गोठतं, चौथ्यात चार वर्षांच्या बैलाचं. पाचव्यात उकडलेला भात गोठायचा थांबतो, सहाव्यात बर्फातून रस्ता काळा दिसू लागतो. थर्मामीटर नसताना केलेली ही मोजपट्टी मला माझ्या फोनपेक्षा जास्त कळते. उणे २८ म्हणजे किती ते माझ्या अंगाला माहीत नाही. बैलाचं शिंग गोठलं म्हटलं की कळतं.

त्या थंडीचं एक क्रूर रूप आहे, त्याला ते ‘झुद’ म्हणतात. त्याच्याही जाती आहेत. पांढऱ्या झुदात बर्फ इतका साचतो की जनावरांना गवतापर्यंत पोचता येत नाही. लोखंडी झुदात वितळलेला बर्फ पुन्हा गोठून गवतावर कवच बसतं. आणि काळ्या झुदात बर्फच पडत नाही. मी आधी याला चांगली बातमी समजत होतो. पण हिवाळ्यात जनावरं तहान बर्फावर भागवतात. तो नसला की गवत समोर असूनही ती मरतात. २००९-१० च्या झुदात ऐंशी लाखांहून अधिक जनावरं गेली.

अशा मुलखात एका जागी घर बांधून बसणं परवडत नाही. गवत संपलं की उठायचं. म्हणून ‘गेर’: लाकडी जाळीची भिंत, वर नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, पांघरूण, छताला मधोमध गोल चाक, दार दक्षिणेला. तासा-दोन तासांत उकलतं आणि उंटावर किंवा ट्रकवर चढतं. घरच कशाला, उलानबाटार हे शहरसुद्धा असंच हिंडलेलं आहे. १६३९ साली तंबूतला मठ म्हणून ते सुरू झालं आणि पुढची जवळजवळ एकशेचाळीस वर्षं दोन डझनांहून अधिक वेळा जागा बदलत राहिलं. १७७८ मध्ये तूल नदीच्या खोऱ्यात ते एकदाचं टेकलं.

हिंडणाऱ्या घराला पत्ता कसा देणार? २०१६ मध्ये मंगोलियाच्या टपाल सेवेने एक युक्ती स्वीकारली. सगळी पृथ्वी तीन मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत कापायची आणि प्रत्येक चौकोनाला तीन शब्दांचं नाव द्यायचं. घर उठलं की तीन नवे शब्द. मला हे वाचून फार आनंद झाला होता, कारण फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी मी नेहमीच अडखळतो.

बांगलादेशात घर उठत नाही, जमीन उठते. ही अतिशयोक्ती नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स रेनेल यांनी केलेल्या बंगालच्या नकाशात ब्रह्मपुत्रा मैमनसिंहजवळून वाहताना दिसते. पुढच्या काही दशकांत तिचा मुख्य प्रवाह कितीतरी किलोमीटर पश्चिमेला सरकला, त्यालाच आज तिथं जमुना म्हणतात. मैमनसिंहजवळ उरली ती ‘जुनी ब्रह्मपुत्रा’. एवढी मोठी नदी अंथरुणात कूस बदलावी तशी वळली. लहानसहान चाळवाचाळव तर दर पावसाळ्यात चालते. एका काठाची शेतं पाण्यात जातात, आणि मध्येच कुठंतरी गाळाचं नवं बेट वर येतं. त्या बेटाला ‘चर’ म्हणतात. चर आला की लोक आलेच.

आता कागदाचं काय? जमिनीच्या कागदाला तिथं ‘खतियान’ म्हणतात, आणि नदीने तोडलेल्या जमिनीला ‘शिकस्ती’, भरून आलेल्या जमिनीला ‘पयस्ती’. शिकस्त शब्द आपल्याकडे फारसीतूनच आला, पण आपण तो प्रयत्नांना लावून टाकला. मूळ अर्थ मोडणं, हरणं. तिथं तो काठाला लागतो. या मोडण्या-जोडण्यावर १८२५ पासून कायदे आहेत. आजच्या कायद्यात बुडालेली जमीन त्याच जागी ३० वर्षांच्या आत वर आली तर जुन्या मालकाला हक्क सांगता येतो. म्हणजे एखाद्याच्या हातात खतियान असतो आणि शेताच्या जागी खोल पाण्यातून नावा जात असतात. तिकडे चौकोनाला नाव आहे आणि घर आज आहे, उद्या नाही. इकडे मालकाचं नाव आहे आणि चौकोनच वाहून गेला आहे.

पुराच्या प्रदेशात बंगाली शेतकरी घर बांधतो ते आधी खड्डा खणून. निघालेल्या मातीचा उंच ओटा करायचा, त्यावर घर, आणि खड्ड्यात पाणी भरलं की तळं. घराशेजारचं ते रम्य तळं शोभेसाठी नसतं हे कळल्यापासून मला त्याच्या फोटोंकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. मंगोल माणूस घर आडवं नेतो, बंगाली ते उभं उचलतो.

आणि उचलूनही नदी आलीच, तर तोही उकलतोच. पत्रे उतरतात, बांबू सुटतात, दारं-चौकटी निघतात. ओट्याचं आणि तळ्याचं काही करता येत नाही. झाडं नदीने न्यायच्या आधी आपणच तोडून घेतात. सगळं नावेत चढतं. नाव दुसऱ्या चराला लागते, माती अजून ओलीच असते, आणि उतरल्यावर पहिलं काम असतं ते खड्डा खणायचं.