तीस सेकंदांची रिंग

फोन वाजू लागल्यापासून तो उचलला जाईपर्यंतचा वेळ कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. हात ओले असतात, चष्मा सापडत नसतो, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला असतो. माणूस लगबगीने निघतो आणि आपण पोहोचेपर्यंत रिंग वाजत राहील असे धरून चालतो. भारतात मात्र या गृहीताला सरकारी आकडा आहे. 1 नोव्हेंबर 2019 रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ठरवून दिले की कोणी उचलला नाही तर मोबाइल 30 सेकंद आणि लँडलाइन 60 सेकंद वाजली पाहिजे. इतक्या किरकोळ गोष्टीत नियामकाने का लक्ष घालावे, याचा शोध घेऊ लागले की या क्षेत्रातल्या स्पर्धेची आतली बाजू दिसू लागते.

मूळ पैशांत आहे. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसरीच्या ग्राहकाला फोन केला की तो कॉल पोहोचवून दिल्याबद्दल पहिलीने दुसरीला मिनिटामागे आंतरजोडणी शुल्क द्यायचे, अशी रीत होती. हा दर 2015 मध्ये 14 पैसे झाला आणि 1 ऑक्टोबर 2017 पासून 6 पैशांवर आला. सहा पैसे म्हणजे काहीच नाही, पण देशभरातल्या मिनिटांनी गुणले की त्यांचे कोट्यवधी रुपये होतात. ज्या कंपनीचे ग्राहक बाहेर फोन जास्त करतात, तिच्या खिशाला चाट बसते. मग 2019 मध्ये जिओने आपल्या ग्राहकांच्या बाहेर जाणाऱ्या फोनची रिंग वीस-पंचवीस सेकंदांवर आणली आणि पाठोपाठ प्रतिस्पर्ध्यांनीही कात्री चालवली. रिंग लवकर थांबली की समोरच्याचा हात फोनपर्यंत पोहोचत नाही, कॉल ‘मिस्ड’ होतो, तो बिचारा सौजन्याने उलट फोन करतो आणि पैशांचा प्रवाह उलटा वाहू लागतो.

मिस्ड कॉल हा खरे तर ग्राहकांचा शोध. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला, त्यानंतर कित्येक वर्षे आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. मे 2003 पासून इनकमिंग फुकट झाले, आउटगोइंग मात्र मीटरवर राहिले, आणि त्या फटीत एक संपूर्ण भाषा रुजली: एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली उतर, पुन्हा पुन्हा म्हणजे तूच फोन कर. पै-पै वाचवणाऱ्यांची ही युक्ती पुढे हजारो कोटींच्या कंपन्यांनी उचलावी, याची मला अजूनही गंमत वाटते.

बाजार खुला केला, चार कंपन्यांना परवाने दिले, की स्पर्धा आपोआप सुरू होते असा एक भाबडा समज आहे. नव्या कंपनीकडे टॉवर, पैसा, जाहिरात सारे असले, तरी तिच्या ग्राहकाला जुन्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता आले नाही तर तिचे सिम घेणार कोण? म्हणजे जिला बाजारात शिरू द्यायचे नाही, तिचेच कॉल आपल्या जाळ्यातून वाहून नेण्याची सक्ती जुन्या कंपनीवर करावी लागते. भांडण असलेल्या शेजाऱ्याच्या पाहुण्यांना आपल्या अंगणातून वाट द्यायला लावण्यासारखेच हे आहे. ही वाट कोणी खुशीने देत नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाली तेव्हा पुरेशा जोडण्या न मिळाल्याने लाखो कॉल अडकून पडले, आणि पुढच्याच महिन्यात ट्रायने तीन जुन्या कंपन्यांना मिळून 3,050 कोटी रुपयांचा दंड करण्याची शिफारस केली. पायवाट अडवण्याची किंमत एवढी असेल, तर त्या पायवाटेचे मोल किती असेल!

दुसरी सक्ती याहून अवघड, ग्राहकाला जाऊ देण्याची. जानेवारी 2011 मध्ये नंबर पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली, त्याआधी कंपनी बदलणे म्हणजे नंबर बदलणे होते. नातेवाईक, बँक, गॅसवाला, मुलांची शाळा, सगळ्यांना नवा नंबर कळवण्याच्या कंटाळ्यापायी माणसे भिकार नेटवर्क सोसत राहत, आणि हा कंटाळाच कंपनीची खरी मालमत्ता होती. 1900 वर पाठवायच्या एका मेसेजने ती काढून घेतली. आता मेसेज गेल्यावर काही वेळातच तुमची आपुलकीने विचारपूस करणारा फोन येतो आणि इतकी वर्षे न दिसलेली एखादी खास योजना अचानक तुमच्यासाठी राखून ठेवलेली निघते. अर्थात निघून जाण्याच्या हक्काला जायला जागाही लागते; एके काळी डझनभर कंपन्या असलेल्या या बाजारात आज तीन खासगी आणि सरकारी मालकीच्या उरल्या आहेत.

टीव्हीच्या बाबतीत मात्र हा दुसरा धडा अर्धवटच गिरवला गेला. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले, खासगी वाहिन्यांची गर्दी झाली, आणि 2019 च्या नव्या नियमांनी प्रत्येक वाहिनीची किंमत पडद्यावर दाखवून हवी तेवढीच घेण्याची मुभाही दिली. पण डीटीएचची कंपनी बदलायची झाली की जुना सेटटॉप बॉक्स निरुपयोगी ठरतो, कारण एकीचा बॉक्स दुसरीचे सिग्नल उलगडत नाही. कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीला चालला पाहिजे, अशी शिफारस ट्रायने एप्रिल 2020 मध्ये केली, पण घरोघरी चांगले चालणारे बॉक्स माळ्यावर जाणे काही थांबलेले नाही. त्यांच्यासोबत रिमोटही जातात. त्यातले सेल तेवढे काढून घेतले जातात, कारण सेल कोणत्याही कंपनीचा असो, तो कोणत्याही कंपनीच्या रिमोटमध्ये बसतो.