आमची वाटचाल: तरंगत्या धक्क्याच्या खाली काय लावायचं?

वडिलांचं ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ग्रिल आणि पत्र्याच्या शेडचं वर्कशॉप होतं. घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलाला त्यांच्या तळ्यात बोटीत चढ-उतार करायला तरंगता धक्का हवा होता. लोखंडी सांगाडा आम्हाला येत होता, म्हणून काम घेतलं. खाली काय लावायचं, हे मात्र येत नव्हतं.

आम्ही थर्माकोलचे ठोकळे लावले. हिशेब सोपा वाटला: एक घनमीटर थर्माकोल साधारण 20 किलोचं, तेवढंच पाणी 1000 किलोचं, म्हणजे 980 किलोची उचल. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्यात धक्का कलला. ठोकळे वर काढले तर पाणी पिऊन जड झालेले, उंदरांनी पोखरलेले, आणि मोटरबोटीचं पेट्रोल सांडलं तिथे चक्क विरघळलेले. काठाभर पांढरे दाणे! मी आणि वर्कशॉपमधली दोन पोरं चार दिवस जाळीनं ते काढत होतो. सगळे निघाले नाहीतच. मासे ते खाद्य समजून गिळतात. मासुंदा तलावाच्या काठी लहानाचा मोठा झालोय मी. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटं-मखरांवर बंदी आली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

लोखंडी पिंपांच्या वाटेला गेलो नाही. हवा आणि पाणी जिथे मिळतात त्या रेषेवर ती आधी गंजतात.

मग प्लॅस्टिकची 200 लिटरची पिंपं घेतली. पूर्ण बुडालं तर एक पिंप साधारण 190 किलो उचलतं. तीन बाय दोन मीटरच्या धक्क्याचं स्वतःचं वजन 350 किलो, वर दहा माणसं म्हणजे 750, एकूण 1100. सहा पिंपांत कागदावर भागतं, पण मग पाणी फळीला लागतं. आम्ही दहा लावली, तीही कडेकडेनं. बोट आली की सगळे एकाच काठावर धावतात, त्या वेळी मधली पिंपं उपयोगाला येत नाहीत. तरी पोकळ पिंपाला एक चीर गेली की संपलं, आणि बूच ढिलं झालेलं वरून कळतही नाही.

आता आम्ही रोटोमोल्डिंगचे फ्लोट, म्हणजे धक्का तरंगवणारे बंद डबे, वापरतो. गच्चीवरची काळी पाण्याची टाकी बनते त्याच पद्धतीनं: साच्यात पॉलिथिलीनची पूड, उष्णता, आणि साचा फिरत राहतो. कवच चार मिलीमीटरचं, आत फोम. कवच फुटलं तरी फोम तरंगवतो, आणि कवचामुळे फोमला पाणी, उंदीर, पेट्रोल लागत नाही. रंग काळाच घ्यायचा, त्यातला कार्बन उन्हापासून प्लॅस्टिकला जपतो. महाग पडतात, आणि वरच्या लाकडावर खर्च करायला तयार असलेली माणसं इथेच हात आखडतात. अशी दोन कामं आम्ही सोडली.

घोडबंदरच्या त्याच तळ्यावर नवा धक्का आम्ही आमच्या खर्चानं बसवला. रिकामा धक्का जिथपर्यंत बुडतो तिथे प्रत्येक फ्लोटवर पांढरी रेघ मारली आहे. दरवर्षी मे महिन्यात मी स्वतः जाऊन ती बघतो. रेघ पाण्याखाली गेली असेल तर तो फ्लोट पावसाआधी बदलायचा.