हॅडिक्सची ओळ

जेवणं झाल्यावर पुन्हा तोच बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांतला गोषवारा, काढून बसलो. 26 मे 1959. पिट्सबर्ग 0, मिलवॉकी 1. सुनंदा मागून डोकावली. "हा तोच ना, हरलेला?" म्हणाली आणि ओटा आवरायला गेली. तोच. पण ते 'हरलेला' काही केल्या घशाखाली उतरेना.

पिट्सबर्गचा पिचर (गोलंदाजच म्हणा) हार्वी हॅडिक्स, त्याची ओळ अशी: 12 इनिंग्ज आणि वर 2 बाद, हिट 1, वॉक (बॅटरला फुकट पहिला बेस) 1, स्ट्राइकआउट 8, अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर पडणारी धाव) 0. त्यात अंगात फ्लू. ओळीने 36 बॅटर आले तसे परत गेले, हँक ॲरन आणि एडी मॅथ्यूज धरून. परफेक्ट गेमला, म्हणजे नऊ इनिंग्ज एकालाही बेसवर पोचू न देण्याला, 27 पुरतात. पण समोरचा पिचर ल्यू बर्डेट याने 12 हिट खाऊनही धाव एक दिली नाही, मग थांबायचं कसं?

तेराव्या इनिंगमध्ये मिलवॉकीच्या मँटिलाचा साधा ग्राउंडर, जमिनीलगतचा फटका. थर्ड बेसवरच्या डॉन होकने उचलला, आणि फेक खाली गेली. स्कोअरमध्ये एवढंच: ई (एरर, म्हणजे चूक) – होक. हे बारीक अक्षर लिहिताना हात कसा जड होतो ते मला विचारा, मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसण्यात उमेद गेली माझी. (ही बॉक्स स्कोअरची पद्धत रुजवणारा हेन्री चॅडविकही मुळात क्रिकेटचा वार्ताहर. उगाच नाही जीव जडला.) मग मॅथ्यूजचा बंट (बॅटने नुसता टेकवलेला चेंडू), ॲरनला मुद्दाम वॉक, आणि जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापार घातला. धावताना तो ॲरनच्या पुढे गेला, म्हणून होमरनचा डबल (दोन बेसचा फटका) झाला, तीन धावांची एक. म्हणजे ॲडकॉकलाही पुरतं मिळालं नाहीच.

हरला तो हरला, तेही चालेल. पण 1991 साली एका समितीने नो-हिटरची (पिचरने एकही हिट न दिलेल्या सामन्याची) व्याख्या बदलली आणि सुमारे 50 सामने यादीतून काढले, त्यात हा. हॅडिक्स जिवंत होता हो! बत्तीस वर्षं यादीत असलेलं नाव काढून कोणाचं काय भलं झालं?

आपल्या स्मरणिकेत यंदा जुन्या स्कोअररांची नावं नाहीत. 'जागेअभावी', म्हणे. शुभेच्छांच्या जाहिरातींना सात पानं आहेत. बाबा असते तर... जाऊ दे. राग नाही मला. राग नाही म्हणतोय आणि रात्रीचे साडेअकरा वाजलेत.

पण समजा, ठेवलं असतं नाव. वाचलं कोणी असतं? सुनंदाने वाचून मोठ्याने दाखवलं असतं, मी नको नको म्हटलं असतं, झालं. आणि बिचाऱ्या होकचं तर उलटंच. त्याला कुठल्याच समितीने वगळलं नाही, त्याचं ते 'ई' आहे तिथेच आहे. मला वगळलं तेच बरं म्हणायचं. माझी खाडाखोडही कोणी मोजणार नाही.

शहाणा खरा बर्डेट. पुढे पगारवाढ मागताना त्याने म्हणे हिशेब मांडला: आजवरची सर्वांत भारी पिचिंगसुद्धा मला हरवायला पुरली नाही, तेव्हा सर्वांत भारी कोण ते तुम्हीच ठरवा.

असं बोलता आलं पाहिजे. आमच्या सात पिढ्यांत कोणाला जमलेलं नाही.