आमची वाटचाल : दोर तुटला नव्हता, कापला गेला होता

आमच्या कारखान्याच्या दाराशी खिळ्याला एक हातभर तुटका दोर टांगलेला आहे. नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो, बोटी बांधायचे दोर विकणाऱ्यांनी तुटका दोर दर्शनी का लावलाय? तो आमचाच आहे. बारा मिलिमीटर, तीन पेडी, पांढरा नायलॉन. त्याच्यापायी आमच्यावर शटर ओढायची वेळ आली होती.

धंदा वडिलांचा. तयार कॉइल आणायची, मापाने कापायची, टोकाचे पेड परत दोरातच ओवून डोळा, म्हणजे पक्का फास, करून द्यायचा, इथून सुरुवात. त्यांचं लाकडी फिड, म्हणजे पेड उकलायचा दाभण, आजही माझ्या हातात असतं. वीतभर लांब, पुढे निमुळतं, हाताच्या घामाने काळं आणि गुळगुळीत झालेलं. पेडांमध्ये ते शिरवून अर्धं वळण दिलं की दोर आपणहून वाट देतो, आणि एकही तंतू ओरबाडला जात नाही. नैसर्गिक तंतूच्या दोराला तीन ओवण्या पुरायच्या, नायलॉन निसटतं, त्याला निदान पाच हव्यात. वडील सहा घालायचे, आम्हीही सहाच घालतो. नीट ओवलेल्या अशा जोडात, म्हणजे स्प्लाइसमध्ये, दोराची बहुतेक सगळी ताकद टिकते. गाठ मारलीत की तिसरा हिस्सा, कधी निम्मीसुद्धा जाते. हे माहीत असूनही लोक गाठीच मारतात.

पुढची बरीच वर्षं बरी गेली. स्वतःचं पीळ घालायचं मशीन आलं, माणसं पाच झाली.

मग शेजारच्या गल्लीत एकाने दुकान टाकलं. त्याचं एकच म्हणणं : जाड दोर म्हणजे मजबूत दोर. आम्ही तीस फुटी बोटीला बारा मिलिमीटर सांगायचो, तो अठरा द्यायचा, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं की आपला फायदा झाला. ताकदीचा आकडा अठराचाच मोठा येणार, त्यात खोटं काही नाही. पण बोट बांधायचा दोर नुसत्या ताकदीवर निवडत नाहीत. लाट बोटीला उचलून ओढते तेव्हा तो झटका कुणीतरी पचवावा लागतो. नायलॉन ताणलं जातं आणि झटका स्वतःत घेतं, म्हणून तर बोट बांधायला नायलॉन. जाडी दीडपट केलीत की आतला माल सव्वादोनपट होतो, म्हणजे तेवढ्याच ओढीला दोर निम्म्याहून कमी ताणला जातो. मग झटका जातो कुठे? क्लीटवर, म्हणजे बोटीवरच्या दोर अडकवायच्या खुंटीवर, क्लीटच्या बोल्टवर, डेकवर. हे मी काउंटरवर किती जणांना कागदावर काढून दाखवलं असेल! ऐकून घ्यायचे आणि अठरा घ्यायला तिकडे जायचे.

एका रात्री मोठं वादळ झालं. सकाळी एक बोटमालक आला आणि त्याने हा तुकडा काउंटरवर आपटला. आमचा पुढचा दोर तुटून बोट धक्क्यावर आदळली होती. तो रागाने बोलत होता, मी दोराचं टोक बघत होतो. ताणाने तुटलेल्या दोराचे तिन्ही पेड उसळून मागे येतात, तंतू चहूबाजूंनी विस्कटतात. इथे एका बाजूने दोर सपाट झिजलेला, कापसासारखी लव सुटलेली. दोन पेड घासून गेलेले, आणि उरलेल्या तिसऱ्या एकट्याने शेवटचा ताण घेतलेला. धक्क्याच्या काँक्रीटची धार रात्रभर एकाच जागी करवतीसारखी चालली होती. मी समजावलं, लव बोटाने दाखवली. तो म्हणाला, तुटला तो तुटला.

त्याच रात्री, त्याच धक्क्यावर, अठरा मिलिमीटरने बांधलेल्या एका बोटीची पुढची क्लीट डेकच्या तुकड्यासकट उपटून आली. दोर शाबूत राहिला. लोकांनी तो हातात घेऊन बघितला, बघा कसा टिकला म्हणाले, आणि शेजारच्या दुकानासमोर गर्दी झाली. माझं दुःख आजही तेच आहे. बोट मोडणाऱ्या दोराला कुणी बोल लावत नाही, तुटणाऱ्याला सगळे लावतात.

पुढचे नऊ महिने मी विसरणार नाही. ठरलेल्या ऑर्डरी गेल्या. पाचातली तीन माणसं सोडून गेली, त्यांना थांबा म्हणायचं माझं तोंड नव्हतं. कॉइल गुंडाळायचं मशीन विकलं, दोर पुन्हा हाताने गुंडाळायला लागलो. पिळाचं मशीनही काढायचं ठरलं होतं, गिऱ्हाईक बघूनही गेलं होतं.

त्या आठवड्यात तांडेलकाका आले. वडिलांच्या वेळचे गिऱ्हाईक. दोर घेताना आकडा विचारत नाहीत. दोन्ही हातांनी उलटा पीळ देऊन पेड उघडायचे, आत बघायचं, बोटावर भुकटी येते का तपासायचं. खिळ्यावरचा तुकडा त्यांनी काढला, झिजलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "हा मेला नाही रे, मारलाय. पण तू त्याला अंगरखा का नाही घातलास?"

मला लागलं, कारण ते खरं होतं. आम्ही दोर उत्तम द्यायचो, पण तो कुठून वळणार, कशावर घासणार हे विचारत नव्हतो. काकांनी त्याच दिवशी आपल्या तिन्ही बोटींचे पूर्ण संच सांगितले, बारा मिलिमीटरचेच, आणि सगळे पैसे आगाऊ ठेवले. मशीन राहिलं.

तेव्हापासून घासण्याच्या जागी म्यान घातल्याशिवाय आमचा दोर बाहेर जात नाही. सुरुवातीला रबरी नळी घालायचो. पण नायलॉन ताणलं-सैल झालं की आतून तापतं, आणि बंद नळीत पाणी शिरत नाही म्हणून गारही होत नाही. आता विणलेलं पॉलिएस्टरचं म्यान घालतो, त्यातून पाणी झिरपतं.

कुणी न विचारता सांगतो. बोटीच्या दर नऊ फूट लांबीला तीन मिलिमीटर हा जाडीचा अंदाज धरा, बोट जड असेल किंवा जागा उघडी असेल तर एक माप वर जा, तीन नको. पुढचा आणि मागचा दोर बोटीच्या दोनतृतीयांश लांबीचा, दोन्ही स्प्रिंग, म्हणजे बोट पुढे-मागे सरकू नये म्हणून तिरके बांधायचे दोर, पूर्ण लांबीचे. पक्क्या धक्क्यावर भरती-ओहोटीचा फरक मोठा असेल तर याहून लांब. भिजलेलं नायलॉन दहा-पंधरा टक्के ताकद गमावतं, तेही हिशोबात घ्या. पॉलिएस्टर घासायला आणि उन्हाला चांगलं, पण ताणलं कमी जातं. आणि नायलॉन म्हणून स्वस्तात काही मिळालं तर तुकडा बादलीत टाका. तरंगला तर ते नायलॉन नाही, बहुधा पॉलिप्रॉपिलीन. उन्हात लवकर कुजतं, त्याच्या भरवशावर बोट सोडून घरी झोपू नका.

शेजारचं दुकान अजून चालू आहे, अठरा मिलिमीटरच विकतं. तो बोटमालक परत आला नाही.

आमच्याकडे नवीन दोर घ्यायला याल तेव्हा जुना बरोबर आणा, आणि धुऊन आणू नका. कुठे चपटला, कुठे कडक झाला, कुठे लव सुटली, हे बघितल्याशिवाय आम्ही माप सांगत नाही.