निळा की हिरवा?

माझा एक शर्ट आहे, त्यावरून घरात नेहमी वाजतं. मी म्हणतो निळा, बायको म्हणते डोळे तपासून घे हिरवा आहे तो, आणि लेक मोबाईलमधून मान वर न करता सांगते, बाबा टील आहे टील. हे टील मुळात एका छोट्या बदकाचं नाव, त्यातल्या नराच्या डोळ्यापासून मानेकडे असा एक चकचकीत हिरवा-निळा पट्टा जातो, त्यावरून रंगाला नाव पडलं. म्हणजे इतकी वर्षं मी बदक अंगात घालून फिरतोय!

बरं मराठीत काय नावं कमी आहेत का, मोरपंखी आहे, फिरोजी आहे, रामा कलर आहे, पण प्रत्येकाचा मोरपंखी वेगळा. फिरोजी खड्यात तर भांडण जन्मजातच, तांब्यामुळे तो निळा असतो आणि लोह वाढलं की हिरव्याकडे झुकतो. मोराची गंमत तर अजून भारी, त्याच्या पिसात निळा किंवा हिरवा रंग नसतोच मुळी, असतं ते मेलॅनिन नावाचं काळपट रंगद्रव्य, बाकी सगळी करामत पिसाच्या बारीक रचनेची, उजेड त्यावरून असा काही परततो की आपल्याला निळं-हिरवं दिसतं आणि पीस जरा तिरकं धरलं की छटा बदलते. आता सांगा, कुणाला खोटं ठरवायचं?

कॉम्प्युटरला विचारलं तर तोही कुणाची बाजू घेत नाही. तो लाल, हिरवा, निळा मिसळून रंग बनवतो, प्रत्येकाचं माप 0 ते 255; त्यात टील म्हणजे लाल शून्य, हिरवा 128, निळा 128, बरोब्बर अर्धं अर्धं. विंडोज 95 चा सुरुवातीचा रिकामा डेस्कटॉप आठवतोय? तोच हा. तेव्हा तो बघून बघून इतका कंटाळा आला होता की पुढे मी हाच रंग पैसे देऊन विकत घेईन असं कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

ऑपरेशन थिएटरमधले कपडे पण याच घराण्यातले. सतत लाल बघून डोळे थकतात आणि मग पांढऱ्यावर नजर गेली की हिरवट डाग तरंगायला लागतात, निळ्या-हिरव्या कापडावर ते फारसे जाणवत नाहीत. सिग्नलचा हिरवा दिवासुद्धा नीट बघा, बऱ्याच ठिकाणी निळसर असतो, लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांना सोपं जावं म्हणून. जपानी लोक तर त्याला सरळ निळाच म्हणतात, त्यामुळे जपानात माझा शर्ट नक्की जिंकला असता.

परवा एकाला फोनवर सांगितलं, गेटपाशी उभा आहे, निळा शर्ट. पठ्ठ्या माझ्यासमोरून दोनदा निघून गेला. परत फोन केला, म्हटलं अरे मोरपंखी, मोरपंखी! तर म्हणतो, हो पण म्हणजे निळा की हिरवा?